ओढ वेगळी, खोली वेगळी

एक लिटर पाण्याने भरलेली बाटली जमिनीवरून उचला आणि मीटरभर उंच फळीवर ठेवा. हाताने सुमारे ९.८ ज्यूल ऊर्जा खर्च केली. बाटली फळीवर जाऊन स्वस्थ बसली. पाणी तेवढंच, तापमान तेच. मग ते ९.८ ज्यूल गेले कुठे? ‘स्थितिज ऊर्जेच्या रूपात बाटलीत साठले’ हे उत्तर शाळेपासून आपल्याला तोंडपाठ असतं. परीक्षेत त्याला पूर्ण गुण मिळतात, पण बाटलीचा कण न् कण तपासला तरी ते ज्यूल तिच्यात सापडणार नाहीत. ते एकट्या बाटलीचे नसतातच. बाटली आणि पृथ्वी या जोडीतलं अंतर एक मीटरने वाढलं, त्या वाढीव अंतराचा तो खर्च. दोन हातांत रबर ताणून धरलं तर तो ताण डाव्या हाताचा की उजव्या हाताचा असं आपण विचारत नाही, तसंच हे.

गुरुत्वाकर्षणाबद्दल बोलताना आपण बहुतेक वेळा एकच प्रश्न विचारतो: ओढ किती? पृथ्वीवर किती, चंद्रावर किती, गुरूवर किती? मला वाटतं, या विषयात खरी गंमत सुरू होते ती दुसरा एक प्रश्न त्याच्या शेजारी ठेवला की: आपण किती खोलात आहोत? ओढ आणि खोली या निराळ्या गोष्टी आहेत. जिथे ओढ सारखी तिथे खोली दहापट असू शकते, आणि जिथे ओढ अजिबात नाही तिथे खोली सर्वांत जास्त असू शकते. दोन्हींची उदाहरणं पुढे येतील.

आधी ओढीचं पाहू. पृथ्वी चंद्राला ओढते, पण मध्ये दोरी नाही, हवा नाही, काहीच नाही. ही गोष्ट खुद्द न्यूटनलाही पटत नव्हती. मधल्या कशाच्याही मदतीशिवाय एका वस्तूने दुसरीवर दुरून परिणाम करावा हे त्याला अगदी विसंगत वाटत होतं, आणि १६९३ साली एका पत्रात त्याने तसं स्पष्ट लिहिलं होतं. ही अडचण पुढे ‘क्षेत्र’ या कल्पनेने हलकी केली. कल्पना अशी, की जड वस्तू आपल्या भोवतालच्या सगळ्या जागेत एक स्थिती निर्माण करते. त्या जागेतल्या प्रत्येक बिंदूवर एक बाण आहे असं समजा. तिथे एक किलोची वस्तू आणून ठेवली तर तिला कुठल्या दिशेने आणि किती बळाने ओढलं जाईल, ते तो बाण सांगतो. वस्तू नसली तरी बाण असतोच. चंद्राला दूरच्या पृथ्वीशी थेट व्यवहार करावा लागत नाही. तो जिथे आहे तिथला बाण त्याला पुरतो.

आपल्या पायाखाली या बाणाची लांबी किलोमागे ९.८ न्यूटन आहे. पृथ्वीच्या केंद्रापासूनचं अंतर दुप्पट केलं की ती चौथा हिस्सा होते, तिप्पट केलं की नववा. कारण भूमितीचं आहे: दिव्याचा उजेड जसा मोठमोठ्या गोलांवर पसरत पातळ होतो, तसाच हा प्रभावही पसरतो, आणि गोलाचं क्षेत्रफळ त्रिज्येच्या वर्गाने वाढतं. चंद्र पृथ्वीच्या साठ त्रिज्या लांब आहे. साठाचा वर्ग छत्तीसशे. म्हणून तिथे पृथ्वीची ओढ ९.८ च्या छत्तीसशेव्या भागाइतकी, म्हणजे जेमतेम ०.००२७. एका सेकंदाचा हिशेब डोळ्यांसमोर आणा. चंद्र आपल्या कक्षेत सुमारे एक किलोमीटर पुढे सरकतो आणि तेवढ्याच वेळात पृथ्वीकडे साधारण १.४ मिलिमीटर पडतो. एवढंसं पडणं चंद्राला कोट्यवधी वर्षं आपल्याभोवती फिरवत ठेवायला पुरेसं आहे.

अंतर केंद्रापासून मोजायचं, हे मात्र विसरायचं नाही. गोल वस्तूच्या बाहेर तिची ओढ अशी असते, जणू तिचं सगळं वस्तुमान केंद्रातल्या एका बिंदूत गोळा झालं आहे. न्यूटनने हे सिद्ध केलं, आणि माझ्या लेखी ते त्याच्या सर्वांत सुंदर निष्कर्षांपैकी एक आहे. त्यामुळे ४०० किलोमीटर उंचीवरचं आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानक ६,३७१ किलोमीटर त्रिज्येच्या मानाने अगदीच जवळ ठरतं. तिथे ओढ ८.७ आहे, जमिनीवरच्या जवळजवळ ८९ टक्के. अंतराळवीर तरंगतात ते ओढ संपली म्हणून नव्हे. ते आणि त्यांचं स्थानक एकत्र पडत असतात म्हणून.

आता बाटलीकडे परत येऊ, कारण तिच्यात एक धागा सुटून राहिला आहे. एक किलोला एक मीटर उचलायला ९.८ ज्यूल लागले, आणि बाणाची लांबीही ९.८. हा योगायोग नाही. ओढ म्हणजे चढण. एक किलो घेऊन एक मीटर वर जायला किती ऊर्जा पडते, तोच त्या जागेचा बाण. जमिनीपासून आणखी एक त्रिज्या वर, म्हणजे ६,३७१ किलोमीटर उंचीवर गेलं तर बाण २.४५ होतो, आणि तिथला एक मीटर २.४५ ज्यूलमध्ये चढता येतो. दूरचित्रवाणीचे उपग्रह फिरतात त्या ३५,७८६ किलोमीटर उंचीवर एका मीटरला फक्त ०.२२ ज्यूल. वर जावं तसा प्रत्येक मीटर स्वस्त होत जातो. उंची गुणिले ९.८ हे शाळेतलं सूत्र म्हणूनच जमिनीलगत चालतं. १०० किलोमीटरपर्यंत ते दीडएक टक्क्यानेच चुकतं, पण एक त्रिज्या उंचीला थेट दुप्पट उत्तर देतं.

मग प्रश्न येतो: जमिनीपासून अनंतापर्यंतच्या सगळ्या मीटरांचा खर्च जोडत गेलो तर बेरीज कधी संपेल का? मीटर तर अनंत आहेत. पण ओढ इतक्या भराभर कमी होते की बेरीज एका ठरावीक आकड्यापाशी येऊन थांबते: किलोमागे सुमारे ६.२५ कोटी ज्यूल, म्हणजे ६२.५ मेगाज्यूल. हा आकडा मिळवायला एक सुरेख आडवाट आहे. ९.८ ला पृथ्वीच्या त्रिज्येने, म्हणजे ६३ लाख ७१ हजार मीटरने गुणा. नेमका तोच आकडा येतो. जणू ओढ पूर्ण ताकदीने बरोबर एक त्रिज्या उंचीपर्यंत टिकली आणि मग एकदम नाहीशी झाली! प्रत्यक्षात ती हळूहळू विरत अनंतापर्यंत जाते, पण एकूण हिशेब तोच बसतो.

ही झाली पृथ्वीच्या पृष्ठभागाची खोली. विजेच्या मीटरच्या भाषेत सांगायचं तर साधारण साडेसतरा युनिट. एका लिटरची बाटली पृथ्वीच्या तावडीतून कायमची सोडवायला तत्त्वतः साडेसतरा युनिट पुरेत. ती सगळी ऊर्जा एका झटक्यात वेगाच्या रूपाने द्यायची म्हटलं, तर तो वेग सेकंदाला ११.२ किलोमीटर येतो. हाच मुक्तिवेग. बाटली एक किलोची असो की जहाज हजार टनांचं, किलोमागचा खर्च तोच असल्यामुळे मुक्तिवेगात वस्तूच्या वजनाला जागाच नाही.

उलट्या बाजूनेही हेच खरं. फार लांबून नुसतं पृथ्वीकडे पडत आलेल्या प्रत्येक किलो दगडाला वाटेत ६२.५ मेगाज्यूल मिळतात. एक किलो टीएनटी फुटल्यावर साधारण ४.२ मेगाज्यूल बाहेर पडतात. म्हणजे त्या दगडाचा एकेक किलो पंधरा किलो टीएनटीची ऊर्जा घेऊन वातावरणात शिरतो, तेही मुळात स्वतःचा काही वेग नसताना. उल्केत कुठलंही स्फोटक नसतं. जे पेटतं ते उतरलेल्या उंचीचं देणं असतं.

या खोलीला भौतिकशास्त्रात गुरुत्वीय विभव म्हणतात: दर किलोमागची स्थितिज ऊर्जा. आणि इथेच ते वजा चिन्ह येतं. पृष्ठभागाचं विभव पुस्तकात उणे ६२.५ मेगाज्यूल असं लिहिलेलं असतं. ऊर्जा उणे कशी असू शकते, हा प्रश्न विद्यार्थ्यांना पडतो आणि तो पडायलाच हवा. वजा चिन्ह सूत्राबरोबर नुसतं पाठ करण्यात काहीच हशील नाही, कारण सगळा अर्थ त्याच चिन्हात आहे.

स्थितिज ऊर्जेचं शून्य कुठे धरायचं, ते आपल्या हातात असतं. निसर्गाला फक्त फरक कळतो. बाटलीसाठी आपण जमिनीला शून्य धरलं आणि काम भागलं. पण ग्रह, तारे, धूमकेतू सगळे एका हिशेबात घ्यायचे तर जमीन कुणाची धरायची? पृथ्वीची, चंद्राची की सूर्याची? सगळ्यांना सामाईक अशी एकच जागा उरते: सर्वांपासून इतकं दूर की कुणाचीच ओढ जाणवू नये. तिथे शून्य धरायचं. एकदा तिथे शून्य धरलं की जवळ येणारी प्रत्येक गोष्ट त्या पातळीच्या खाली जाते, म्हणजे उणे होते. मी हे कर्जासारखं समजतो. ज्याच्याकडे काही नाही आणि देणंही नाही तो शून्यावर. ज्याच्या डोक्यावर ६२.५ मेगाज्यूलचं देणं आहे तो उणे ६२.५ वर. आपण पृथ्वीवर जन्मतो तेच किलोमागे ६२.५ मेगाज्यूलचे कर्जदार म्हणून.

कर्ज म्हटलं की पुढची गोष्ट आपोआप उलगडते. वस्तूकडे गतिज ऊर्जा, म्हणजे वेगामुळे आलेली ऊर्जा असते, ती तिच्या हातातली रोकड. स्थितिज ऊर्जा हे देणं. दोन्हींची बेरीज उणे आली तर वस्तू बांधलेली. ती कितीही लांब गेली तरी परत येणार. बेरीज शून्य किंवा अधिक आली तर ती मोकळी. हॅलेचा धूमकेतू दर ७६ वर्षांनी येतो, कारण सूर्याच्या खात्यात त्याची बेरीज उणे आहे. २०१७ च्या ऑक्टोबरमध्ये ‘ओमुआमुआ’ नावाचा पिंड सापडला, तेव्हा तो कुठल्या पदार्थाचा आहे हे कुणाला ठाऊक नव्हतं. पण काही रात्रींच्या निरीक्षणांवरून त्याचा वेग आणि सूर्यापासूनचं अंतर हाती आलं, बेरीज केली, आणि ती ठळकपणे अधिक निघाली. सगळं देणं फेडूनही त्याच्याकडे सेकंदाला सुमारे २६ किलोमीटर वेग शिल्लक राहत होता. एवढ्यावरून ठरलं की हा पाहुणा सूर्यमालेत जन्मलेलाच नाही. दुसऱ्या ताऱ्यांच्या प्रदेशातून आलेला तो आपल्याला दिसलेला पहिला पिंड. एका बेरजेचं चिन्ह इतकं सांगून जातं.

कक्षेतल्या उपग्रहाचा हिशेब तर याहून बोलका आहे. आपली बाटली ४०० किलोमीटरवर नेऊन फिरवत ठेवायची आहे. नुसतं तेवढं उंच न्यायला किलोमागे ३.७ मेगाज्यूल लागतात, म्हणजे साधारण एक युनिट. पण तिथे नेऊन सोडलं तर ती सरळ खाली पडेल. टिकायचं असेल तर तिला आडवा वेग हवा, सेकंदाला ७.६७ किलोमीटर. त्याला लागतात २९.४ मेगाज्यूल, म्हणजे आठ युनिट. उंचीला एक, वेगाला आठ! अवकाशात जाणं म्हणजे उंच जाणं, ही समजूत या दोन आकड्यांपुढे टिकत नाही. अग्निबाण सुटल्यावर थोड्याच वेळात आडवा का होऊ लागतो, तेही यावरून कळतं. आणि एवढं झाल्यावर बाटलीचं खातं कुठे पोचलं? सुरुवातीला उणे ६२.५, आता उणे २९.४. पृथ्वीच्या अगदी जवळ, फक्त ४०० किलोमीटरवर, आणि निम्म्याहून जास्त कर्ज फिटलंसुद्धा.

खालच्या कक्षांमध्ये विरळ हवा असते, तिच्या घर्षणाने उपग्रहाची ऊर्जा कमी होते. मग त्याचा वेग कमी होत असेल ना? नाही, वाढतो. ४०० वरून ३०० किलोमीटरवर घसरलेला उपग्रह ७.६७ ऐवजी ७.७३ किलोमीटर वेगाने धावू लागतो. घसरताना त्याची स्थितिज ऊर्जा जितकी घटते, त्यातली निम्मी हवा तापवण्यात जाते आणि निम्मी त्याच्याच वेगात जमा होते. ऊर्जा गमावून वेगवान होणं हे फक्त गुरुत्वाकर्षणाच्या राज्यात घडतं असं नाही, पण इथे ते इतकं स्वच्छ दिसतं की एकदा कागदावर आकडे मांडून पाहाच.

चांद्रयान-३ ने याच हिशेबाचा फायदा घेतला. १४ जुलै २०२३ ला उड्डाण झाल्यावर ते थेट चंद्राकडे निघालं नाही. लांबट कक्षेत फिरत राहिलं, आणि पृथ्वीच्या सर्वांत जवळ येई तेव्हा इंजिन चालवून कक्षा वाढवत गेलं. जवळच का? तिथे यान सर्वांत वेगात असतं. वेगाच्या वर्गावर गतिज ऊर्जा ठरत असल्यामुळे, दहा किलोमीटर वेगात असताना सेकंदाला १०० मीटरची भर घातली तर किलोमागे १ मेगाज्यूल जमा होतात. एक किलोमीटर वेगात असताना तीच भर जेमतेम ०.१ मेगाज्यूल देते. इंधन तेवढंच, कमाई दहापट. जळालेलं इंधन खोलातच मागे राहतं, ते वर वाहून नेण्याचा खर्च वाचतो, असंही म्हणता येईल. १ ऑगस्टला यान चंद्राच्या वाटेला लागलं.

आता सुरुवातीला म्हटलेल्या गोष्टीकडे येऊ. शनी पाहा. त्याचं वस्तुमान पृथ्वीच्या ९५ पट, त्रिज्या साधारण साडेनऊ पट. ओढ काढायची तर ९५ ला साडेनऊने दोनदा भागायचं. उत्तर एकच्या जरासं वर. म्हणजे शनीच्या ढगांच्या माथ्यावर तुमचं वजन जवळपास पृथ्वीवर असतं तेवढंच भरेल. खोली काढायला मात्र एकदाच भागायचं, कारण विभव अंतराच्या वर्गाने नव्हे, नुसत्या अंतराने कमी होतं. उत्तर दहा. ओढ सारखी, खोली दहापट. म्हणून शनीवरून सुटायला सेकंदाला ११.२ ऐवजी ३५.५ किलोमीटर वेग लागतो. पायांना फरक कळणार नाही. अग्निबाणाला मात्र पुरेपूर कळेल.

आणि सूर्य. आपण सूर्याच्या ओढीचा कधी विचारही करत नाही, आणि ओढीपुरतं ते बरोबरच आहे. सूर्याचं वस्तुमान पृथ्वीच्या ३,३३,००० पट, पण तो पृथ्वीच्या सुमारे २३,५०० त्रिज्या लांब. दोनदा भागलं तर त्याची ओढ पृथ्वीच्या ओढीच्या सोळाशे-सतराशेव्या भागाइतकी निघते. एकदाच भागा. उत्तर चौदा. म्हणजे या क्षणी तुम्ही जिथे बसला आहात तिथे, सूर्याने केलेली खोली पृथ्वीने केलेल्या खोलीच्या चौदापट आहे! किलोमागे सुमारे ८८७ मेगाज्यूल, आपल्या मीटरवर जवळजवळ अडीचशे युनिट. आपण पृथ्वीच्या विहिरीच्या तळाशी आहोत असं म्हणतो, पण ती विहीर एका अतिप्रचंड दरीच्या उतारावर खणलेली लहानशी विहीर आहे. दरीचा उतार इतका मंद की जाणवत नाही, आणि खोली इतकी की आपल्या विहिरीला तिच्यापुढे कुणी विचारू नये. ती दरीही आकाशगंगेच्या खोलीत बसलेली आहे. सूर्याजवळून आकाशगंगा सोडून जायला सेकंदाला पाचशेहून जास्त किलोमीटर वेग लागतो. ओढ जवळच्यांची मोठी, खोली दूरच्यांची.

एक गोष्ट मला इथे सांगितल्याशिवाय राहवत नाही. सूर्यमाला सोडून जायला पृथ्वीपासच्या अंतरावर सेकंदाला ४२.१ किलोमीटर वेग हवा, आणि पृथ्वीच्या फिरण्याने २९.८ आपल्याला आयताच मिळालेला आहे. उणीव बारा किलोमीटरच्या आसपास. सूर्यात पडायचं असेल तर मात्र तो मिळालेला २९.८ जवळजवळ सगळा मोडून काढावा लागतो. सूर्याकडे पडणं हे सूर्यापासून सुटण्यापेक्षा अवघड. म्हणूनच २०१८ साली निघालेल्या पार्कर यानाला वेग कमी करून घ्यायला शुक्राजवळून सात वेळा जावं लागलं. २४ डिसेंबर २०२४ ला ते सूर्याच्या पृष्ठभागापासून सुमारे ६१ लाख किलोमीटरवर पोचलं, आणि तेव्हा त्याचा वेग सेकंदाला १९० किलोमीटरच्या वर गेला होता. तो सगळा दरीत उतरण्याचा वेग.

बाहेरून आत वळू. पृथ्वीच्या पोटात बोगदा खणून खाली जाऊ लागलो तर ओढ वाढेल की घटेल? पोकळ गोलाच्या आत त्या गोलाची ओढ शून्य असते, चहूबाजूंनी सगळं तंतोतंत फिटतं. त्यामुळे आपल्या वर राहिलेले थर हिशेबातून बाद होतात आणि फक्त खालचा गोळा उरतो. पृथ्वी सगळीकडे सारख्या घनतेची असती तर ओढ सरळ घटत गेली असती. पण तिचा गाभा लोखंडाचा, फार जड. म्हणून ओढ आधी टिकून राहते, २,८९० किलोमीटर खोलीवर गाभ्याच्या सीमेपाशी तर १०.७ पर्यंत वाढते, आणि मग उतरत उतरत केंद्रात शून्य होते. तिथे खाली असं काही नाहीच. सगळ्या दिशा वरच्या. विभवाचं काय? केंद्रापर्यंत आपण उतरतच आलो, म्हणजे कर्ज वाढतच आलं. केंद्रात चढण संपते, कारण तो तळ आहे, आणि तळ सर्वांत खोल असतो. जिथे ओढ शून्य तिथे खोली सर्वांत जास्त.

ही खोली नुसती कागदावरची सोय आहे की निसर्गही तिची दखल घेतो? पाणी घेतं. गवंडी पाणसळ लावून सपाटी पाहतो तेव्हा तो बुडबुडा एकच गोष्ट सांगतो: या पट्टीच्या दोन्ही टोकांना विभव सारखं आहे. शांत समुद्र म्हणजे पृथ्वीभर पसरलेली एक भलीमोठी पाणसळ. त्याचा पृष्ठभाग सगळीकडे समान विभवाचा असतो, पृथ्वीच्या स्वतःभोवती फिरण्याचा परिणाम त्यात धरून. विषुववृत्तावर ओढ ९.७८, ध्रुवांवर ९.८३, तरी पाणी विषुववृत्तावरून ध्रुवांकडे धावत सुटत नाही, कारण ओढ असमान असली तरी खोली समान आहे. पृथ्वीच्या पोटातलं वस्तुमान कमीजास्त वाटलेलं असल्यामुळे ही सपाटीही गुळगुळीत नाही. श्रीलंकेच्या दक्षिणेला हिंदी महासागरात समुद्राची पातळी आदर्श लंबगोलापेक्षा सुमारे १०६ मीटर खाली आहे, जगातला सर्वांत मोठा खळगा. जहाज त्यात उतरतं आणि बाहेर पडतं, पण उतार म्हणून कुणाला काही जाणवत नाही. पाण्याच्या आणि जहाजाच्या दृष्टीने ती जागा सपाटच असते.

आणि घड्याळंही या खोलीची दखल घेतात. आइनस्टाइनच्या सिद्धांतानुसार जितकी खोली जास्त तितका काळ मंद. अमेरिकेत हार्वर्ड विद्यापीठात पाउंड आणि रेब्का यांनी १९६० साली २२.५ मीटर उंचीच्या मनोऱ्यात गॅमा किरण वरखाली पाठवून हा फरक प्रत्यक्ष मोजला. २०१० साली दोन अणुघड्याळांपैकी एक फक्त ३३ सेंटिमीटर वर उचललं, तेव्हा वरचं किंचित जलद चालताना दिसलं. जीपीएसचे उपग्रह २०,२०० किलोमीटर उंचीवर, म्हणजे आपल्यापेक्षा बऱ्याच उथळ जागी फिरतात. त्यामुळे त्यांची घड्याळं दिवसाला ४५ मायक्रोसेकंद पुढे जातात. त्यांच्या वेगामुळे ७ मायक्रोसेकंद मागे पडतात. उरतात ३८. प्रकाश तेवढ्या वेळात ११ किलोमीटर जातो, त्यामुळे ही दुरुस्ती केली नाही तर नकाशावरची तुमची जागा कुठल्या कुठे भरकटेल.

घड्याळ ओढ मोजत नाही, खोली मोजतं. याचा सर्वांत स्वच्छ पुरावा पृथ्वीच्या केंद्रात आहे, जरी तिथे घड्याळ ठेवायला कुणी जाणार नसलं तरी. २०१६ साली झालेल्या गणितानुसार पृथ्वीच्या साडेचार अब्ज वर्षांच्या आयुष्यात तिचं केंद्र पृष्ठभागापेक्षा सुमारे अडीच वर्षांनी तरुण राहिलं आहे. आपली बाटली तिथे नेली तर तिला कुठलीच बाजू खाली ओढणार नाही, ती जागच्या जागी तरंगत राहील. आणि तिच्या शेजारचं घड्याळ या ग्रहावरच्या इतर कुठल्याही घड्याळापेक्षा हळू चालत असेल.